चेहरा सोडून सगळं

आवडी,
मद्रास, २७ जानेवारी २०२६

तुझ्या कॅमेऱ्यानं भर बाजारात माझी शोभा केली. पाळण्यातल्या पोरीचे म्हणून ओळीनं फोटो काढले, गुरुराजच्या स्टुडिओत छापायला दिले, आणि बघते तर प्रत्येक फोटोत मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर. काय ते कॅलेंडर आलंय. चतुर्थी कुठं, अमावास्या कुठं, सगळं वाचता येतं. पुढं पाळण्यात पोर आहे की उशी, ते सांगता यायचं नाही. गुरुराज आजीला पाट्टी म्हणतो, त्याच्या तंजावुरी मराठीत म्हणाला, पाट्टी, कॅलेंडर फार सुरेख काढलंत. हे ऐकायला तुला लहानाचा मोठा केला होय रे मी?

चि. सिद्धार्थ, आशीर्वाद. तब्येत सांभाळून असशील.

तुझ्या त्या बर्फातल्या ठाण्यावर मोबाइल चालत नाही, महिन्याकाठी फोन लागतो त्यात निम्मा वेळ 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' यातच जातो. म्हणून लेकीचे फोटो छापून पाठव म्हणालास. ठीक. पण चौथी शिकलेल्या म्हातारीच्या गळ्यात हे धूड अडकवायचं कुणाच्या डोक्यात आलं? मानेला पट्टा काचतो. कीर्तीला तिच्या मोबाइलवर काढ म्हटलं, तर म्हणते आजी तुम्हीच काढा. बाळंतिणीशी वाद घालत नाही मी.

तिला तिच्या वडिलांकडे जॉर्ज टाउनला पाठवलं नाही ते बरंच केलं. खाली सोनं गाळायची भट्टी, वर एक खोली, दिवसभर ॲसिडचा वास. तिथं बाळंतीण ठेवायची म्हणजे काय. इथं माझ्या नजरेखाली आहे.

पोरीचं जावळ दाट आहे. रडायला लागली की शेजारची कृष्णवेणी गॅस बंद करून धावत येते, इतका आवाज. फौजेत घालायला हरकत नाही.

कॅलेंडरचे फोटो सोबत पाठवते आहे. तुझं तुला कळू दे काय चुकलं ते.

तुझी आजी,
सकवारबाई

*

९ फेब्रुवारी

ती. आजीस साष्टांग नमस्कार,

कॅलेंडर पोचलं. माझ्या शेजारी झोपणारा संजीव, लातूरचा, म्हणाला की आता एकादशी तरी चुकणार नाही. आम्ही ते स्टोव्हच्या वर लावलंय.

आजी, चूक तुझी नाही. कॅमेरा हुशार दिसतो पण त्याला पोर कोण आणि भिंत कोण हे कळत नाही. ते आपण सांगायचं. असं कर. डोळ्याला लावलास की मधोमध एक छोटा चौकोन दिसेल. तो ऊर्मीच्या डोळ्यावर आण. बटण अर्धंच दाब. बारीक आवाज होईल, चौकोन लाल चमकेल. म्हणजे त्याला कळलं, हिला बघायचंय. मग बोट न उचलता पुरतं दाब. फार जवळ जाऊ नकोस, हातभर लांब राहा. नाकाशी नेलंस तर त्यालाही तुझ्यासारखंच धूसर दिसतं.

फोटो हलतो तो हातामुळे. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकव. श्वास सोड, आणि सोडून झाल्यावर दाब. सुईत दोरा ओवताना तू जशी थांबतेस तशी.

ट्यूबलाइट बंद कर. फ्लॅश तर नकोच, पोरगी दचकेल आणि चेहरा पिठासारखा दिसेल. स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी घे तिला. खिडकी तिच्या पाठीमागे नको, नाहीतर नुसती काळी आकृती येते. काच पदरानं पुसू नकोस, पदराला तेल असतं. माझ्या पेटीत मऊ फडकं आहे.

मला बाकी काही नको, तिचा चेहरा पाहिजे. नाक कुणाचं घेतलंय, हे इथं रोज संध्याकाळी वादाला असतं. मी जूनमध्ये खाली उतरेन, तोवर हेच.

कीर्तीची पत्रं येतात, पण चार ओळींची. दूध, झोप, हवा. थकली असेल. तिला सांभाळ.

तुझा,
सिद्धू

*

आवडी,
२२ फेब्रुवारी

चि. सिद्धार्थ यास आशीर्वाद,

जमलं. घे, हा पाय. ही मूठ, माझं बोट धरलेली. हा कान. कानावरची लव दिसते का बघ. गुरुराजनं फोटो दोनदा उलटून पालटून बघितले आणि या खेपेला हसला नाही.

खिडकीचं तू सांगितलंस ते बरोबर, पण अर्धंच. आपल्या खिडकीतून सकाळी ऊन नुसतं आत घुसतं, मद्रासचं ऊन, भाल्यासारखं. त्यात पाय धरला तर अर्धा पांढरा फटक नि अर्धा कोळसा. मग तुझ्या आजोबांची जुनी वेष्टी होती, ते पांढरं धोतर, ती खिडकीवर दोरीनं ताणली. उजेड कसा ताकासारखा पातळ झाला. त्यात काढलेत हे. हे मी तुला शिकवते आहे, लिहून ठेव.

बारसं झालं. तू ठरवलेलं ऊर्मी नाव कृष्णवेणीनं कानात इतक्या मोठ्यानं सांगितलं की नाव बहुधा अंबत्तूरपर्यंत गेलं. तुझी आई विट्याहून आली होती. लवकर परत गेली, रानात कांदा काढायचाय म्हणाली. तुझ्या वडिलांना एकट्याला भाकरी थापता येत नाही, हेही एक आहेच.

पोर दूध पिते. बोंडल्यानं पाजतो. इथं त्याला पालाडै म्हणतात, चोचीचं चांदीचं असतं. कृष्णवेणीनं तिच्या नातवाचं काढून दिलं. वेळ लागतो, पण पिते. वजन धरते आहे.

चेहरा काढायला गेले की नेमकी तोंड फिरवते. हातभर पोर, पण आडमुठी. शिवाय दृष्टीचं बघायला नको का? येईल सावकाश. पाय बघून घे तोवर. तुझाच आहे, अंगठ्याशेजारचं बोट लांब.

आजी

*

६ मार्च

ती. आजीस नमस्कार,

पाय सगळ्या ठाण्याला दाखवून झाला. संजीवला दोन मुलं आहेत, त्याच्या घरून मोबाइलवर काढलेले फोटो छापून येतात. त्यानं कबूल केलं की असा पाय त्याच्याकडे नाही. वेष्टीची युक्ती मला सुचली नसती. मोठ्या स्टुडिओत त्यासाठी पांढऱ्या कापडाच्या छत्र्या लावतात. तू आजोबांना लावलंस.

चांदीचं बोंडलं काय, तिघी मिळून लाडावून ठेवताय तिला.

आता पुढचं. तू उभी राहून वरून काढतेस, त्यामुळे पोर लहान दिसते आणि चादर मोठी. खाली बस. गुडघे दुखत असतील तर तिलाच टेबलावर दुपट्यात ठेव आणि तू खुर्चीवर बस. तिचे डोळे आणि कॅमेऱ्याचा डोळा एका उंचीवर आले की ती तुझ्याशी बोलते आहे असं वाटेल. मागचं सामान उचल, डबे, औषधाच्या बाटल्या. फोटोत जे नको ते आधी खोलीतून काढायचं.

उजेड एका बाजूनं घेतलास तर दुसरी बाजू सावलीत जाते, त्यात बरंच काही झाकलं जातं. म्हातारे नट तसेच फोटो काढून घेतात. समोरून घेतलास तर सगळं सरळ दिसतं. ऊर्मीला काय लपवायचंय? समोरूनच घे.

आणि तोंड फिरवत असेल तर कीर्तीला तुझ्या पाठीमागे उभी कर, तिला हाक मारू दे. पोर आईकडे बघेल, तू दाब.

चेहरा पाठव, आजी.

सिद्धू

*

आवडी,
१७ मार्च

चेहरा चेहरा काय लावलंयस. पोरीला काय पाय नाहीत, पाठ नाही? चेहरा काही पळून जात नाही.

आशीर्वाद. रागानं लिहिते असं समजू नकोस. उकाडा सुरू झालाय, पोरीच्या मानेला घामोळं, मला झोप नाही. सकाळी पाणी येतं तेव्हाच ही जागी होते.

सोबत दोन आहेत. एकात कीर्तीच्या खांद्यावर झोपलीय, पाठमोरी. कीर्तीचा हात तिच्या डोक्यावर आहे, तो नीट बघ. बांगडीवर उजेड आलाय तो मुद्दाम आणलाय. त्यासाठी कीर्तीला खिडकीपाशी चारदा सरकवली, म्हणाली आजी आता पुरे. दुसऱ्यात तिचा हात दुपट्याबाहेर आलाय. मागचे डबे हलवले, बाटल्या हलवल्या, खुर्चीवर बसले. तू सांगितलंस ते सगळं केलं.

तुझं ते अर्धं बटण आता बोटाला कळतं. कृष्णवेणीच्या नातीचा भरतनाट्यमच्या कपड्यांतला फोटो काढून दिला. बाई मला आता 'फोटो पाट्टी' म्हणते. इथली पोरं मागं लागतात. हाकलते.

कीर्ती बरी आहे. घराबाहेर पडत नाही फारशी, ऊन आहे.

आजी

*

२८ मार्च

आजी,

नमस्कार. हे पत्र मी तीनदा फाडलं.

तुझे फोटो समोर मांडून बसलोय. पहिल्या खेपेला सगळं धूसर होतं, तेव्हा मला काही वाटलं नाही. पण या शेवटच्या दोन फोटोंत कीर्तीच्या बांगडीवरचा चरा दिसतो. पोरीच्या नखाखालचं दुपट्याचं सूत दिसतं. हात हललेला नाही, उजेड नेमका आहे, चौकट नेमकी आहे. ज्या बाईला एवढं साधतं, तिला दोन महिने चेहरा चौकटीत धरता येत नाही, हे मला पटत नाही. तुला येत नाही म्हणून चेहरा नाही असं नाही. तू तो नेमानं बाहेर ठेवते आहेस.

काय झालंय? तिला दिसतं ना? पोरगी आहे ना, आजी? दुसऱ्या कुणाच्या पोरीचे पाय तर पाठवत नाहीस ना मला? गस्तीवर चालताना हेच येतं मनात. काल दोरीला अडकवायची कडी मी उघडीच ठेवली होती. संजीवनं बघितली म्हणून.

फोनवर विचारलं तर कीर्ती म्हणाली सगळं ठीक आहे, आणि लाइन गेली.

जे असेल ते लिही.

सिद्धार्थ

*

आवडी,
८ एप्रिल

चि. सिद्धार्थ,

पोर आहे. तुझीच आहे. डोळ्यांनी बघते, कानांनी ऐकते. कीर्ती धडधाकट आहे. हे आधी दोनदा वाच आणि मग पुढं.

ऊर्मीचा वरचा ओठ जन्मतःच फाटलेला आहे. डाव्या बाजूनं, पार नाकपुडीपर्यंत. टाळू शाबूत आहे. ओढून प्यायला जमत नाही म्हणून बोंडलं, लाड म्हणून नाही. नुंगंबाक्कमच्या दवाखान्यात दाखवलंय. डॉक्टरीणबाई म्हणाली वजन भरलं की शिवून टाकू. आता भरलंय. अक्षय्यतृतीया झाली की ऑपरेशन. रोज अशी दहा पोरं शिवत असल्यासारखी बोलत होती, त्यानं मला बरं वाटलं.

पहिले फोटो खरंच बिघडले होते. नंतरचे मी बिघडू दिले नाहीत, चेहरा तेवढा वगळला. तुझ्या पायाखाली बर्फ, तुझं मन घरी आलं की तिथं पाय घसरेल, असं आम्ही दोघींनी ठरवलं. आणि झालं काय, न सांगितल्यानंच तुझी कडी उघडी राहिली. हे मला आधी कळायला हवं होतं, एवढी वर्षं काय भाकरीच थापल्या.

पण कारण तेवढंच नव्हतं. बारशाला तुझी आई आली. पोरीला बघितलं आणि पहिला प्रश्न केला, भाद्रपदातलं ग्रहण पाळलं होतंस का? कीर्तीला खोटं बोलता येत नाही. म्हणाली, वेधात सांबारासाठी शेवग्याच्या शेंगा चिरल्या होत्या विळीवर. मग तुझी आई काही बोलली नाही. बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती नुसती विळीकडे बघत राहिली आणि सकाळी बॅग भरली. बाहेर रिक्षापर्यंत सोडताना मी तिला सुनावलं, की ग्रहण सगळ्या मद्रासला लागलं होतं, त्या दिवशी साऱ्या आवडीत शेंगा चिरल्या असतील. डॉक्टरीणबाईला मी मुद्दाम विचारलं. ती म्हणाली ओठ जुळायचा असतो तो तिसरा महिना लागायच्या आत, ग्रहण आलं तेव्हा ते केव्हाच होऊन गेलं होतं. हे मी कीर्तीला शंभरदा सांगितलं. मान हलवते. पण त्या दिवसापासून विळी माळ्यावर आहे आणि पोरीच्या तोंडावर दुपट्याचं टोक. दवाखान्यात जातानाही लोकलमध्ये टोक धरून बसते. मला म्हणाली, आजी, ते आईंचंच लेकरू आहेत, ते पण विळीच बघतील. शपथ घातली मला. मी शपथा मानत नाही, पण ओल्या बाळंतिणीचं मन मोडवत नाही.

तुझं पत्र आलं. मी ते तिच्यापुढं मोठ्यानं वाचलं, सगळं. दुसऱ्याच्या पोरीचे पाय, या ओळीवर तिनं कागद माझ्या हातून घेतला आणि स्वतः वाचला. मग मी तिला एकच सांगितलं. मी सिद्धूला लिहिलं होतं की चेहरा पळून जात नाही, ते खोटं आहे. हा चेहरा आता थोडेच दिवस आहे. शिवला की तो गेला. सिद्धू जूनमध्ये येईल तेव्हा वेगळी पोर बघेल, आणि त्याच्या लेकीचा पहिला चेहरा तो सोडून साऱ्या घरानं बघितलेला असेल. ती उठली. भात उतरवला, हात पुसले, पोरीला घेऊन खिडकीपाशी आली आणि दुपट्याचं टोक काढलं. म्हणाली, काढा.

काढला. कोपरं टेकवली, श्वास सोडला. चौकोन डोळ्यावर. एकदा मनात आलं की उजेड बाजूनं घ्यावा, तो डावा भाग सावलीत जाईल, तूच सांगितलं होतंस. नाही घेतला. समोरून घेतला.

पुढचं ऐक. गुरुराजकडून फोटो आणले, पाकीट कीर्तीनं फोडलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, आजी, ही कोण? मी चष्मा लावला. त्या शहाण्यानं कॉम्प्युटरवर ओठ जोडून टाकला होता. असा सफाईदार की शिवण दिसू नये. त्याच्या मनात वाईट नव्हतं, लग्नातल्या नवऱ्यांचे मुरुम पुसायची सवय हाताला. बाहुलीसारखी गोड पोर होती ती. आपली नव्हती.

मी म्हटलं उद्या बदलून आणते. कीर्तीनं चपला घातल्या. पोर खांद्यावर, दुपटं खुंटीवर तसंच. आवडीच्या बाजारातून, संध्याकाळच्या गर्दीत, भाजीवाल्या, फुलवाल्या, स्टेशनातून सुटलेली माणसं, सगळ्यांसमोरून. कुणी वळून बघितलं, कुणी नाही. मी मागून चालत होते आणि मला तिला गाठता येईना. दुकानात जाऊन तिनं पोरीला गुरुराजच्या काउंटरवर बसती धरली आणि म्हणाली, ही बघा, हिचा छापा. गुरुराज ओशाळला, माफी मागायला लागला. तेवढ्यात तुझी लेक त्याच्या तोंडाकडे बघून हसली. हसली की तिच्या ओठाची दोन टोकं दोन दिशांना पळतात आणि सगळा चेहरा उघडतो, दार उघडावं तसा. जुळलेल्या ओठाच्या पोरांना असं हसता येत नाही. गुरुराजही हसला. मुकाट्यानं छापून दिला, जशी आहे तशी.

तो फोटो या पाकिटात पुठ्ठ्यात घालून ठेवलाय. नाक आपल्या कुणाचंच नाही, कीर्तीच्या वडिलांचं आहे, तुझा वाद मिटव. संजीवला दाखव, नको वाटलं तर नको दाखवू.

कडी लावत जा. हे आजी म्हणून नाही, पोरीच्या बापाला सांगते आहे.

कीर्ती रोज दुपारी पोस्टमन यायच्या वेळेला ओट्यावर येऊन बसते. मला म्हणते हवा खाते. एप्रिलात मद्रासला दुपारी हवा नसते. तेव्हा या पत्राचं उत्तर मला लिहायचं नाही. कीर्तीला लिहायचं, पाकिटावर तिचंच नाव घालायचं, आणि आधी लेकीच्या चेहऱ्याचं लिहायचं, मग बाकीचं. फोटोत काही चुकलं असेल तर ते जूनमध्ये तोंडावर सांग. मला यातलं एक अक्षर आलं तरी मी ते न वाचता परत पाठवीन.

आजी